युद्धकैद्यांशी ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’: खरी की देखावा?

पोथीवाचक
नोव्हेंबर १९१४ मध्ये जपानने जर्मनांकडून चीनमधलं त्सिंगताओ घेतलं आणि साडेचार हजारांवर कैदी जपानात आणले. त्यांतले हजारेक १९१७ पासून शिकोकू बेटावरच्या बांदो छावणीत होते. छावणी कसली, गावच ते! बेकरी, छापखाना, ‘डी बाराके’ नावाचं स्वतःचं नियतकालिक. १ जून १९१८ ला तिथे बेथोवेनची नववी सिंफनी वाजली, जपानात पहिल्यांदाच संपूर्ण. बायका कुठून आणणार, म्हणून त्यांच्या आवाजाचा भाग पुरुषांसाठी बदलून घेतला. कैद्यांनी बांधलेला दगडी पूल अजून उभा आहे. रोज समोरासमोर आलं की वैर पातळ होतं, आणि मग जे दिलं-घेतलं जातं ते अस्सलच असतं, असं माझं मत.

चकमक
साफ असहमत. देवाणघेवाणीत ‘नाही’ म्हणायची सोय दोघांना हवी. कुंपणाआडच्याला ती कुठे? त्या सिंफनीचे श्रोतेही मुख्यतः कैदीच होते. बांदोचं कौतुक म्हणजे कमांडंट मात्सुए तोयोहिसा यांचं कौतुक. त्यांचं घराणं आइझूचं, १८६८ च्या यादवीत हरलेल्या बाजूचं. हार म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. तिकडे जपानातल्याच कुरुमे छावणीत तिथले कमांडंट माझाकी जिनझाबुरो यांनी जर्मन अधिकाऱ्यांवर हात टाकला. सगळा साहेबाच्या मर्जीचा मामला.

पोथीवाचक
त्याच कुरुमेच्या कैद्यांनी डिसेंबर १९१९ मध्ये मुलींच्या शाळेत जाऊन नवव्या सिंफनीचे काही भाग वाजवले, ते?

चकमक
तोवर माझाकींची बदली झाली होती, हे सोयीस्कर विसरलात.

उंबरठा
जपानात कशाला जाता, आपलेच शिपाई घ्या. पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळ व्युन्सडोर्फला हिंदुस्थानी आणि उत्तर आफ्रिकी कैद्यांची ‘अर्धचंद्र छावणी’ होती. १९१५ मध्ये जर्मनांनी तिथे लाकडी मशीद बांधून दिली. धर्माबद्दल आदर वगैरे काही नाही, इंग्रजांविरुद्ध फितवायचं होतं. मागोमाग प्राध्यापक ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन आले. डिसेंबर १९१६ चं माल सिंग या शिपायाचं मुद्रण आजही बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहे. तो स्वतःबद्दलच परक्यासारखा बोलतो: एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, लढाईत आला, जर्मनांनी पकडला, आता त्याला घरी जायचंय. प्राध्यापकांना हवी होती त्याची बोली. घरी जायचंय या वाक्याचं पुढे काही करावं, हे कुणाच्या कामातच नव्हतं. यात देवाण आहे, घेवाण आहे, पण एकाच दिशेने.

निमूट_वाचक
व्युन्सडोर्फबद्दल पटलं. पण कार्ल युखहाइम यांचं काय? ते त्सिंगताओचे मिठाईवाले. कैदेत असताना १९१९ च्या हिरोशिमा प्रदर्शनात त्यांनी बाउमकुखेन केक विकला, आणि सुटल्यावर जपानातच दुकान काढलं. तेव्हा तर ‘नाही’ म्हणायची पूर्ण मोकळीक होती! तो केक जपानात आजही घरोघरी खातात.

चकमक
सुटल्यावर राहिले, म्हणजे माझाच मुद्दा. शिवाय तेव्हा जपानला सुधारलेल्या राष्ट्रांच्या पंक्तीत बसायचं होतं, म्हणून कैद्यांना माणुसकीने वागवा सांगणाऱ्या हेग कराराचा एवढा सोस. पुढे युद्धकैद्यांबद्दलच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर सही केली, मान्यता मात्र दिली नाही. दुसऱ्या महायुद्धात बर्मा रेल्वे बांधायला दोस्त राष्ट्रांचे साठ हजारांवर कैदी राबवले, बारा हजारांवर मेले. बांदोची पुण्याई कुठे गेली होती?

पोथीवाचक
एका छावणीतल्या मैत्रीने पंचवीस वर्षांनंतरचं लष्कर सुधारावं, ही अपेक्षाच भलती. आणि नकाराचं म्हणाल, तर १९४९ च्या जिनिव्हा कराराचं कलम ३८ बघा: कैद्यांच्या शिक्षण-करमणुकीला, खेळांना उत्तेजन द्यायचं, पण प्रत्येकाच्या आवडीनिवडीचा मान राखून. तुमचा आक्षेप मर्जीवर चालणाऱ्या छावण्यांवर आहे. त्यासाठी कैद्याच्या हातातलं व्हायोलिन खोटं कशाला ठरवता?