मदत हवी आहे: एकाच कुंडीचे तीन पीएच, खरा कोणता?

गच्चीवरच्या अनंताची नवी पानं पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्या. लोह मिळत नसावं, म्हणजे मातीचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप; 7 म्हणजे मधला, त्यावर अल्कधर्मी) चढला असावा असा अंदाज. पाणी बोअरचं, चांगलंच जड. कुंडी 12 इंची, लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत. दोन वर्षं बदललेली नाही.

मातीत खुपसायचा दोन दांड्यांचा, बिनबॅटरीचा मीटर कायम 7 दाखवतो. लिंबाचा रस ओतलेल्या मातीतही 7च! तो आता बाद. कागदी पट्टीचा रंग 6 आणि 7 च्या मधे कुठेतरी, पण गढूळ पाण्यात नक्की काय ते कळत नाही. डिजिटल पेनने (पेनासारखा पीएच मीटर) 1 भाग माती, 2.5 भाग डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास ठेवून मोजलं तर 7.9.

पेनवर विश्वास ठेवला असता, पण 4.00 आणि 6.86 अशा ठरलेल्या पीएचची द्रावणं करायच्या पुड्यांनी कॅलिब्रेट करून (आकडा जुळवून) आठवडाच झाला आणि 6.86 च्या ताज्या द्रावणात तो 7.2 दाखवतोय. टोपी उघडी राहून टोक कोरडं पडलं होतं, ही चूक माझीच.

प्रयोगशाळेत माती एकदा देईन, पण दर महिन्याला ते जमणार नाही. नवीन पेनसाठी फार तर 1500 रुपये. पीएच उतरवायला गंधक घालण्याआधी खात्री हवी आहे.

कोरडं पडलेलं टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवून कुणाचं पूर्ववत झालंय का? आणि आकडा 7 च्या वर येतोय तर 9.18 च्या द्रावणानेही कॅलिब्रेट करावं लागेल का?