पहिली बेस गिटार आणि सरावाचा ॲम्प : ठरलेल्या रकमेची वाटणी कशी करावी?

नमस्कार. मी बेस गिटार शिकायला सुरुवात करणार आहे. वाद्य आणि सरावाचा ॲम्प (वाद्याचा आवाज मोठा करून ऐकवणारे यंत्र) या दोन्ही गोष्टी मला एकाच ठरलेल्या रकमेत बसवायच्या आहेत आणि ती रक्कम वाढवणे शक्य नाही. त्यामुळे कोणते मॉडेल घ्यावे याच्याही आधी वाद्यावर किती आणि ॲम्पवर किती खर्च करावा हे ठरवावे लागेल, आणि मी तिथेच अडलो आहे. आतापर्यंत वाचून, विचारून आणि हाताळून जे समजले ते इथे सविस्तर मांडतो. माझा विचार कुठे चुकत असेल तर जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी : साधी गिटार मी काही वर्षे वाजवतो, त्यामुळे ई, ए, डी, जी या चार तारा आणि त्यांवरील सुरांच्या जागा नव्याने शिकाव्या लागणार नाहीत, त्याच तारा बेसवर एक सप्तक खाली आहेत, एवढेच. सोल आणि फंक या शैलींकडे माझा ओढा आहे. सराव घरात आणि बहुतेक रात्री होईल, भिंतीपलीकडे शेजारी आहेत, आणि ड्रमरसोबत वाजवण्याची वेळ इतक्यात येणार नाही.

पहिली अडचण हाताची आहे. माझे पंजे लहान आहेत. एका मित्राची नेहमीच्या लांबीची, म्हणजे 34 इंच स्केलची (स्केल म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी) बेस गिटार घेऊन मी पहिल्या फ्रेटवर (दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तर्जनी आणि चौथ्या फ्रेटवर करंगळी ठेवून पाहिली, तेव्हा करंगळी पोहोचली, परंतु तिच्या ताणाने अनामिका तारेवरून उचलली जाऊ लागली आणि मनगट आतल्या बाजूला वळले. गणिताने पाहिले तर 34 इंचांच्या स्केलवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचे अंतर जवळजवळ 13 सेंटिमीटर भरते, तर 30 इंचांच्या छोट्या स्केलवर ते साडेअकराच्या आसपास येते. दीड सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटते, पण बोटांना ते किरकोळ नाही. दुसऱ्या बाजूने, तीच तार त्याच सुराला लावली असता छोट्या स्केलवर तिचा ताण सुमारे 22 टक्क्यांनी कमी होतो, त्यामुळे ई ची जाड तार सैल वाटते आणि तिचा आवाज थोडा पसरट येतो, असे छोट्या स्केलच्या वाद्यांबद्दल अनेकांचे म्हणणे आहे. डबल बेस वाजवणारे खालच्या जागांवर अनामिका आणि करंगळी एकत्र वापरून एका वेळी तीन फ्रेटइतकाच पल्ला घेतात. ती पद्धत सुरुवातीपासून अंगवळणी पाडली तर 34 इंचांची गिटार लहान हातांनाही झेपते का, की मनगटाचा विचार करून सरळ छोट्या स्केलकडे वळावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. लहान पंजे असूनही लांब स्केलवर टिकून राहिलेल्यांचा अनुभव मला विशेष हवा आहे.

माझ्या रकमेत बसू शकतील अशा गिटारींमध्ये छोट्या स्केलच्या स्क्वायर ब्रॉन्को आणि आयबानेझ मिक्रो आहेत, तर लांब स्केलमध्ये यामाहा टीआरबीएक्स 174 आणि स्क्वायरच्या ॲफिनिटी मालिकेतील प्रिसिजन व जॅझ आहेत. फेंडरने प्रिसिजन 1951 मध्ये आणि जॅझ 1960 मध्ये बाजारात आणली, आणि आजच्या बहुतेक स्वस्त गिटारी या दोन आराखड्यांभोवतीच फिरतात. जॅझचा नेक (दांडी) नटपाशी, म्हणजे तिच्या डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीपाशी, साधारण 38 मिलिमीटर रुंद असतो आणि प्रिसिजनचा त्याहून काही मिलिमीटर जास्त, म्हणून माझ्या हाताला जॅझ सोयीची वाटते. मात्र जॅझच्या दोन सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याच्या) पिकअपपैकी, म्हणजे तारेचे कंप विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागांपैकी, एकाचा आवाज कमी केला की गुणगुण ऐकू येते. प्रिसिजनच्या 1957 पासूनच्या दोन तुकड्यांच्या पिकअपमध्ये ती मुळातच मारली जाते. हेडफोन लावून रात्री सराव करणाऱ्याला ही गुणगुण किती खुपते, हे कोणी सांगू शकेल का? बॅटरीवर चालणारा ॲक्टिव्ह सर्किट असलेला प्रकार मी तूर्त बाजूला ठेवला आहे, कारण पहिल्या वाद्यात जितक्या कमी गोष्टी बिघडू शकतील तितके बरे.

आता ॲम्प. माझा सर्वाधिक विचार इथेच झाला आहे. खुल्या ई तारेचा मूळ सूर सुमारे 41 हर्ट्झचा असतो. आठ इंची स्पीकर असलेल्या छोट्या ॲम्पमधून तो फारच क्षीण येतो. आपल्याला ऐकू येतात ते मुख्यतः 82, 123 असे वरचे स्वरांश, आणि त्यांवरून कान मूळ सुराची भरपाई करून घेतो. त्यामुळे फेंडर रंबल 25 किंवा ऑरेंज क्रश बेस 25 यांसारख्या आठ इंची ॲम्पवर खर्च केला तरी बेसचा जो भरीव आवाज ऐकून मी या वाद्याकडे वळलो, तो त्यातून पुरता मिळणार नाही. बऱ्यापैकी हेडफोन त्या खालच्या सुरांना अधिक न्याय देतात. दहा इंची स्पीकरचा रंबल 40 अधिक समाधानकारक असावा, पण तो घेतला तर वाद्याच्या वाट्याला कमी पैसे उरतात. शिवाय शक्ती दुप्पट झाली तरी आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे ड्रमसमोर 25 वॉट आणि 40 वॉट या दोघांचीही स्थिती जवळपास सारखीच. सरावाचा ॲम्प आज ना उद्या बदलावा लागणारच असेल, तर आता त्यावर जास्त खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही.

म्हणून माझा कल असा आहे : मोठा वाटा गिटारीवर खर्चावा, त्यातलाच काही भाग राखून ती जाणकाराकडून नीट सेटअप करून घ्यावी, आणि ॲम्पऐवजी सध्या गिटारीला थेट जोडता येणारा छोटा हेडफोन ॲम्प घ्यावा. स्वस्त गिटारीचा नेक आणि तारांची उंची नीट बसवली तर ती तिच्याहून महागड्या पण दुर्लक्षित गिटारीपेक्षा चांगली वाजते, असे माझे निरीक्षण आहे. तरी एक शंका जात नाही. केवळ हेडफोनवर शिकणाऱ्याचा उजवा हात बिघडतो का? खोलीतल्या हवेत घुमणारा सूर ऐकताना तार किती जोरात छेडावी आणि नको असलेल्या तारा कशा दाबून शांत ठेवाव्यात याचा जो अंदाज येतो, तो हेडफोनमध्ये येत नसेल, तर आठ इंची का होईना, ॲम्प सुरुवातीपासून हवा. साध्या गिटारीचा ॲम्प अगदी कमी आवाजात वापरणे चालते, पण आवाज वाढवला की त्याच्या स्पीकरला खालचे सूर सोसत नाहीत, म्हणून तो पर्याय मी सोडून दिला आहे.

वापरलेली गिटार घेण्याचीही तयारी आहे. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून मधल्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहायचे, ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) फिरतो याची खात्री करायची, नॉब फिरवताना खरखर येते का ते ऐकायचे, एवढे मला माहीत आहे. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर इतरांच्या मानाने लवकर विझतो, हा फेंडर धाटणीच्या नेकचा सर्रास आढळणारा दोष आहे. तो किती असला तर सोडून द्यावा आणि किती असला तर चालवून घ्यावा, याचे काही व्यवहारी प्रमाण आहे का?

केबल, ट्यूनर, स्ट्रॅप आणि तारांचा एक जादा संच यांचा खर्च मी आधीच वेगळा काढला आहे, तेव्हा उत्तर देताना तो धरू नये. वाटणीबद्दल आणि स्केलबद्दल मत देताना आपण स्वतः कोणत्या गिटारीवर शिकलात आणि आज तीच निवड पुन्हा कराल का, हेही लिहिले तर मला निर्णय घेणे सोपे जाईल.