मदत हवी आहे: स्कॉटलंडच्या गादीवर ब्रूस आजोबांचा दावा

मंडळी, १२९० मध्ये स्कॉटलंडची छोटी राणी मार्गारेट वारली आणि गादीसाठी तेरा दावेदार उभे राहिले. निवाडा गेला इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डकडे. मुख्य दावेदार दोन. एक, स्कॉटलंडच्या आधीच्या एका राजाचा भाऊ हंटिंग्डनचा डेव्हिड, त्याच्या थोरल्या लेकीचा नातू जॉन बॅलिअल. दुसरा, डेव्हिडच्या मधल्या लेकीचा मुलगा रॉबर्ट ब्रूस, म्हणजे पुढे राजा झालेल्या ब्रूसचे आजोबा. डेव्हिडला नात्याने ते एक पिढी जवळचे! पण आपली बाजू पडतेय हे दिसताच ते म्हणाले, तिन्ही लेकींच्या वंशांत राज्याचे तीन वाटे करा. १७ नोव्हेंबर १२९२ला कौल बॅलिअललाच मिळाला.

एक पिढी जवळ असण्याला तेव्हाच्या कायद्यात खरंच वजन होतं का? आणि आधी अख्खं राज्य मागणारा माणूस वाटणीवर का यावा? मला तर हे फार खटकतं. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.