मदत हवी आहे: दोरीत अडकलेला भला मोठा चपटा मासा जिवंत कसा सोडवायचा?

शहापूरचा_गळवाला
शनिवारी परत निघायचं आहे, त्यामुळे ज्यांना माहीत आहे त्यांनी लवकर सांगा. मागच्या खेपेला बोटीच्या बाजूला एक मासा पाण्यावर आडवा पडलेला दिसला. जात्याच्या तळीसारखा गोल, राखाडी, शेपूट नाहीच. एक लांब पर वर, एक खाली. आमची दोरी त्याच्या वरच्या पराला गुंडाळली. बोट चालवणारा तांडेल म्हणाला, आकडी मारून वर घेऊया. मी घेऊ दिलं नाही. दोरी तोडली, तो गळासकट खाली गेला. परत गाठ पडली तर काय करायचं?

खानापूर_रोड
कुठून निघता? किती वाव पाणी, म्हणजे किती खोल? जाळं की गळ? मासा केवढा? हे काहीच लिहिलं नाही की ओ.

निपाणीकर७
पाण्यावर पर दिसला म्हणजे मोरी, शार्क. लहानपणापासून मालवणला जातो, बघितलंय.

शहापूरचा_गळवाला
मोरी नाही! मोरीला शेपूट असतं, याला नव्हतं. वेंगुर्ल्याहून निघालो, मावसभावाची बोट, सुरमईसाठी गळ ओढत होतो. पाणी चाळीस वावांच्या आसपास. मासा उंचीला माणसाएवढा.

सागरवेडा_टिळकवाडी
हा ओशन सनफिश, शास्त्रीय नाव मोला मोला. आपल्या अरबी समुद्रात आहे, पण क्वचित दिसतो. मोरीचा पर पाणी कापत सरळ पुढे जातो, याचा डावी-उजवीकडे डुलत राहतो, कारण तो वरचा आणि खालचा पर हलवूनच पोहतो. जगातला सर्वांत जड मासा.

खानापूर_रोड
सर्वांत जड देवमोरी, म्हणजे व्हेल शार्क. सनफिश हा हाडं असलेल्या माशांत सर्वांत जड. 2021 मध्ये अझोर्स बेटांजवळ मेलेला सापडला तो 2,744 किलोचा होता, आणि तोही मोला मोला नव्हे, त्याच्याच गोतातला मोला अलेक्झांड्रिनी.

निपाणीकर७
असेल. पण आडवा पडला होता म्हणजे मरायलाच टेकला होता. घेतला असता तर काय बिघडलं असतं?

सागरवेडा_टिळकवाडी
हाच गैरसमज त्यांच्या जिवावर उठतो. जेलीफिश आणि तसलं मऊ खाणं शोधत हा शेकडो मीटर खोल, गार पाण्यात बुडी मारतो आणि अंगात ऊब यावी म्हणून वर येऊन उन्हात आडवा होतो. कधी कधी समुद्रपक्षी त्याच्या अंगावरचे परजीवी टिपतात. आडवा दिसला म्हणून आजारी समजायचं नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो असुरक्षित गटात आहे.

कॅम्पातला_खवय्या
जपान आणि तैवानमध्ये आवडीने खातात म्हणे. आपल्याकडे मसाल्यात कसा लागेल?

खानापूर_रोड
केंडाच्या, म्हणजे विषारी पफर फिशच्या गणातला आहे तो. युरोपियन युनियनमध्ये या कुळातले मासे बाजारात विकायला बंदी आहे. कातडीखाली जाड, बुळबुळीत थर असतो. सुरमई सोडून हे कशाला?

सीमावासी_बेळगाव
महाराष्ट्र सरकार जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर भरपाई देतं. बोट वेंगुर्ल्याची आहे, म्हणजे अर्ज सिंधुदुर्गातच करायचा. आपल्याला दोन्ही राज्यांत हेलपाटे घालायची सवयच आहे.

शहापूरचा_गळवाला
भरपाई कुणी विचारली? खाण्याचंही विचारलं नाही. तो गळ त्याच्या अंगात राहिला, ते माझ्या डोक्यातून जात नाही. सोडवायचा कसा तेवढं सांगा.

वेंगुर्ल्याचा_जावई
सासरे तांडेल होते, त्यांच्याबरोबर बरंच हिंडलोय. इंजिन न्यूट्रलला टाका, पंख्याजवळ मासा येऊ देऊ नका. दोरीवरचा ताण आधी सैल करा. ताणलेली दोरी परात रुतते आणि मासा आणखी गिरक्या घेतो. त्याला पाण्यातच ठेवा, वर ओढायचा प्रयत्न करू नका, एवढं वजन उचलताना त्यालाही लागतं आणि माणसालाही. पराच्या मागच्या बाजूने हुकाच्या काठीने दोरी उचला, कापा, आणि सुटलेले सगळे वेढे गोळा करून घ्या, लांब तुकडा त्याच्या अंगावर ठेवू नका. गळ दिसत असेल आणि मासा शांत असेल तर लांब पक्कडीने काढा. खोल रुतला असेल तर उपसत बसू नका, गळाजवळून दोरी कापा. छातीच्या पराच्या पुढे कल्ल्याचं लहान भोक असतं, तिथे हात किंवा आकडी घालायची नाही.

निपाणीकर७
एवढं करेपर्यंत सुरमईचा थवा निघून जाईल की.

वेंगुर्ल्याचा_जावई
जाऊ दे. पाण्यावर तसा पर डुलताना दिसला तर आधीच वेग कमी करून वळसा घाला, म्हणजे दोरीच अडकणार नाही. बोटी धडकूनही हे मासे मरतात.

शहापूरचा_गळवाला
हे पाहिजे होतं. लांब पक्कड खडेबाजारात मिळेल ना? तांडेलाला हे वाचून दाखवतो, माझं एकट्याचं ऐकत नाही तो.

सागरवेडा_टिळकवाडी
पक्कड स्टेनलेसची घ्या, साधी खाऱ्या पाण्यात लगेच गंजते. आणि मासा परत दिसला तर जागा, वेळ नोंदवा, फोटो काढा. मत्स्यसंशोधन करणाऱ्यांना अशा नोंदी उपयोगी पडतात.

कॅम्पातला_खवय्या
शनिवारी सुरमई मिळाली तर बेळगावात कितीला देणार?