हजाराची पगारवाढ घ्यावी की नको म्हणावं? (काम करणारे एकल पालक आणि सरकारी मदत)

नाशिकची मी

प्रश्न माझा आहे, पण माझ्या एकटीचा नाही म्हणून धागा काढतेय. मी औषधांच्या एका होलसेल दुकानात बिलिंगला आहे. पगार 20,500. मुलगी सहा वर्षांची. घटस्फोट झालाय, पोटगी कागदावर आहे. येत्या महिन्यापासून पगार 21,500 करतो असं मालक म्हणाले. रात्री वहीत हिशेब मांडला आणि झोप उडाली.

20,500 च्या हिशेबाने वर्षाचे होतात 2,46,000. म्हणजे लाडक्या बहिणीच्या अडीच लाखांच्या आत. 21,500 झाले की 2,58,000, म्हणजे बाहेर. हजार आले, दीड हजार गेले. शिवाय ईएसआयची (कामगारांच्या आरोग्य विम्याची) मर्यादा महिना 21,000 पगाराची. चालू सहामाही संपली की वर्गणी बंद आणि पुढे काही महिन्यांनी दवाखानाही बंद. लेकीला बालदमा आहे, पंप तिथूनच मिळतो.

आता खर्च. भाडं 5,500. शाळेची फी महिन्यावर वाटली तर 1,800, व्हॅन 1,200. शाळा सुटल्यापासून सातपर्यंत पाळणाघर 3,500. सातनंतर दर अर्ध्या तासाला पन्नास रुपये जास्त. महिनाअखेरीला आमच्याकडे स्टॉक मोजायचा असतो, त्या आठवड्यातला माझा ओव्हरटाइम सरळ पाळणाघरवाल्या काकूंच्या हातात जातो. त्यांचा दोष नाही, त्यांनाही घरी सैपाक असतो.

सरकारला दोनच प्रकारच्या बायका ठाऊक आहेत. एक निराधार. संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा 21,000 आहे, आणि ती वर्षाची! महिन्याला 1,750. दुसरी म्हणजे सरसकट बहीण. घरात नवरा, सासू, दीर असे चार हात असले तरी दीड हजार आणि एकटी असली तरी दीड हजार. नोकरी करून एकटीने मूल वाढवणारी ह्या दोन्हींच्या मधोमध कुठेतरी आहे.

माझं म्हणणं एवढंच: काम करणाऱ्या एकल पालकाला मुलामागे पूरक रक्कम द्या, आणि पगार वाढेल तशी ती हळूहळू कमी करा. एका रुपयाने रेघ ओलांडली म्हणून सगळंच काढून घेऊ नका.

रोखठोक बापू

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मागणी पटली नाही. लाडक्या बहिणीचा खर्च सुरुवातीलाच वर्षाला 46 हजार कोटी धरला होता. निवडणुकीत 2,100 चं गाजर दाखवून झालं. तिजोरीत खडखडाट असताना आणखी एक योजना? पैसे कुणाच्या खिशातून जाणार?

दुसरं, 'एकल' कोण हे ठरवणार कोण? माझे वडील असून नसल्यासारखे होते. आई शिवणकाम करून घर चालवायची. तुमच्या योजनेत ती बसली नसती, कारण कपाळाला कुंकू होतं. उलट ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय ते कागदोपत्री वेगळे राहतील. बोगस दाखले काढायला आपल्याकडे वेळ लागत नाही. एका घरात दोन रेशनकार्डं किती आहेत ते गावात जाऊन बघा.

टोकदार पेन्सिल

बापू, बोगस दाखल्यांची भीती गरिबांच्याच योजनेत बरी आठवते.

प्राप्तिकराचं उदाहरण घ्या. 2025 च्या बजेटपासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर शून्य. आता एखाद्याचं करपात्र उत्पन्न बारा लाख दहा हजार झालं तर? सरळ गणिताने साठ हजारांवर कर बसला असता. पण सरकार म्हणतं, छे, दहा हजार जास्त कमावले म्हणून साठ हजार कसे घेऊ? वरच्या दहा हजारांपेक्षा जास्त कर घ्यायचा नाही (सेस वेगळा). ह्याला मार्जिनल रिलीफ म्हणतात.

म्हणजे रेघेवरचा माणूस कापला जातो हे सरकारला कळतं, त्यावरचा उपायही येतो. बारा लाखवाल्याला तो मिळतो, अडीच लाखवालीला नाही. धागाकर्तीची मागणी मला भीक वाटत नाही, साधी बेरीज-वजाबाकी वाटते.

सातपूरचा कारखानदार

(छोटा आहे हो, अकरा माणसं.) धागाकर्तीचा प्रश्न मला दरवर्षी पडतो, फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूने. वाढ दिली की बायका येऊन सांगतात, साहेब, स्लिपवर नका दाखवू, वरचे हातात द्या. मी तसं करत नाही, पण करणारे आहेत. त्यात नुकसान बाईचंच. पीएफ कमी भरला जातो, उद्या कर्ज काढायला गेली तर स्लिपवर पगार कमी दिसतो. मर्यादा अशी ठेवली की लोकांना खोटं बोलायची सवय लागते.

अवांतर: केशरी कार्ड असेल तर लाडक्या बहिणीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बघतंय कोण?

नाशिकची मी

माझं कार्ड पांढरं आहे. लग्नाआधीचं वडिलांचं नाव, मग सासरचं, मग परत. कार्ड केशरी करायला जायचं तर रजा टाकावी लागते, आणि रजेचा दिवस बिनपगारी.

गिरणगावचा नातू

कुणालाच आवडणार नाही, पण बोलतो. पगाराला सरकारी ठिगळ लावणं ही मालकाला दिलेली सबसिडी आहे. इंग्लंडात 1795 मध्ये बर्कशायर परगण्यातल्या स्पीनहॅमलँडला न्यायाधीश जमले आणि ठरलं, पावाची किंमत आणि घरातली तोंडं बघून मजुराच्या पगारात गरिबांसाठीच्या स्थानिक करातून भर घालायची. शेतमालक म्हणाले, वा! मग आम्ही कशाला वाढवू? शेवटी 1834 च्या कायद्याने ती मदत मोडीत काढली आणि गरिबांना वर्कहाउसात (ठेवून राबवून घ्यायच्या आश्रयगृहात) पाठवलं.

तुमच्या मालकाने हजार वाढवले, त्यांचं कौतुक. पण 21,500 मध्ये नाशकात एक बाई आणि एक मूल धड राहू शकत नसतील, तर किमान वेतनासाठी भांडायला हवं. सरकारने भर घातली की भांडणाची धारच जाते.

टोकदार पेन्सिल

नातू, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या कायद्यामागच्या 1834 च्या अहवालाने निष्कर्ष आधी ठरवून पुरावे नंतर गोळा केले, असं नंतरच्या बऱ्याच इतिहासकारांनी म्हटलंय. पगार पडले ते मदतीमुळे की नेपोलियनशी युद्ध संपल्यावरच्या मंदीमुळे, हा वाद अजून मिटलेला नाही.

आणि किमान वेतन माणशी असतं हो. बिनलग्नाच्या पोराला आणि एकट्या आईला ते सारखंच मिळणार. मुलाचा खर्च मालक पगारात कसा मोजेल? मोजायला लागला तर मुलं असलेल्या बाईला कामावरच घेणार नाही.

गिरणगावचा नातू

शेवटचा मुद्दा मान्य. बाकी नाही.

थेम्सकाठची

इंग्लंडातल्या स्लाऊहून लिहितेय. धागाकर्ती म्हणतेय तशी 'हळूहळू कमी होणारी' मदत इथे आहे. युनिव्हर्सल क्रेडिट. मूल असेल तर पगाराचा पहिला ठरावीक भाग मोजतच नाहीत. त्यावरच्या प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स मदत कमी होते. म्हणजे वाढ घेतली की हातात काहीतरी उरतंच. आधी 63 कापायचे, 2021 च्या अखेरीस 55 केले. पाळणाघराच्या खर्चाचेही 85 टक्क्यांपर्यंत मिळतात, ठरावीक रकमेपर्यंत.

फार हुरळून जाऊ नका. पाळणाघराचे पैसे आधी स्वतः भरायचे, मग पावती दाखवून मागायचे. हातात नसतील तर काय भरणार? दोन मुलांपर्यंतच मुलांमागची रक्कम, असा नियम 2017 मध्ये आणला. गरिबी वाढतेय म्हणून सगळे ओरडले, तेव्हा कुठे नोव्हेंबर 2025 च्या बजेटात तो काढायची घोषणा झाली.

मला स्वतःला ह्यातलं काहीच नाही. माझ्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' छापलंय, म्हणजे सरकारी मदत मागायची नाही. कर मात्र पूर्ण कापतात. मुलगा आठ वर्षांचा आहे, मीही एकटीच आहे. बापू, इथे येऊन बघा, कुणाच्या खिशातून जातात ते.

रोखठोक बापू

तुमचा खिसा तुम्ही होऊन तिकडे नेलात, त्याला मी काय करू? असो. तिथे प्रत्येकाचा पगार दर महिन्याला कर खात्याकडे कळवला जातो, म्हणून 55 पेन्स मोजता येतात. आपल्याकडे धुणीभांडी करणारीचा, भाजी विकणारीचा पगार कोण कळवणार? 'हळूहळू कमी' करायला आधी उत्पन्न कळावं लागतं. तलाठ्याच्या दाखल्यावर 55 टक्के काढणार का?

टोकदार पेन्सिल

हा मात्र बिनतोड प्रश्न आहे. माझ्याकडे उत्तर नाही. स्लिपवाल्यांपासून सुरुवात करा, एवढंच सुचतंय.

एकटा बाबा

सगळे 'बाई बाई' म्हणताय म्हणून जरा मध्ये बोलतो. बायको 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेली. मुलगा आता नववीत. पीएम केअर्सचे दहा लाख दोन्ही पालक गेलेल्या मुलांना होते, एक गेला तर नाही. लाडकी बहीण माझ्यासाठी नाहीच. मी रिक्षा चालवतो. सकाळी त्याचा डबा करून बाहेर पडतो, आणि संध्याकाळी पाच ते नऊ, म्हणजे खऱ्या धंद्याच्या वेळेत, घरी परततो. कारण पोरगं एकटं राहिलं की मोबाइल आणि बाहेरची संगत. हा तोटा कुठल्या रकान्यात लिहायचा?

तर सांगायचं असं, की बाल संगोपन योजना आहे. सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने. एक पालक असलेल्या मुलांना लागू होते, आई असो की बाप. महिन्याला एका मुलामागे 2,250, आधी 1,100 होते, 2023 मध्ये वाढवले. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज, बाल कल्याण समितीपुढे मुलाला घेऊन जायचं, अठरा वर्षांपर्यंत मिळतं. पैसे दर महिन्याला येतील ह्या भरवशावर हप्ता काढू नका. येतात तेव्हा चार-पाच महिन्यांचे एकदम येतात.

नाशिकची मी

बाबा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं अनाथांसाठी असतं.

ताई अंगणवाडीची

सेविका आहे. रोख द्या, नका देऊ, तुम्ही भांडा. माझ्या वस्तीतल्या बायकांना पैशांआधी लागतं ते मूल ठेवायचं ठिकाण. अंगणवाडी दुपारपर्यंत. केंद्राची 'पाळणा' योजना आली, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, देशभरात 17,000 करायची म्हणे. वेळ रोज साडेसात तास. आता सांगा, नऊ तासांची ड्युटी आणि दोन बस बदलून येणारी बाई साडेसात तासांत कशी बसवायची? नियम करणाऱ्याच्या घरी बहुतेक आजी असावी.

पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपनीने पाळणाघर ठेवायचं, हा कायदा 2017 पासून आहे. पण वरच्या दादांकडे अकरा आहेत, आमच्या बायका जातात त्या घरांत तर एकच मालकीण. रोजगार हमीच्या कामावर पाच लहान मुलं असली की सांभाळायला एक बाई ठेवायची तरतूद आहे. खड्डा खणणारीला जे कागदावर तरी मिळतं, ते मॉलमधल्या छोट्या दुकानातल्या पोरीला कागदावरही नाही.

रोखठोक बापू

पाळणाघराला माझा पाठिंबा. सात काय, रात्री नऊपर्यंत चालवा. वीटबांधणीला आणि सेविकेच्या पगाराला पैसे जाऊ द्या, ते दिसतात तरी. माझा विरोध खात्यात पडणाऱ्या पैशांना आहे.

ताई अंगणवाडीची

सेविकेच्या पगाराला म्हणालात, तोंडात साखर पडो. आम्हाला पगार नसतो, मानधन असतं.

काळा कोट

एवढे प्रतिसाद झाले, पण बाप कुठेय हे कुणी विचारलं नाही. पोटगीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 144. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढा, असं कायद्यातच लिहिलंय. 'रजनेश विरुद्ध नेहा' ह्या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. तरी तारखा पडायच्या तेवढ्या पडतात. वसुलीचं वॉरंट निघालं की नवरा नोकरी सोडल्याचं पत्र आणतो. ते पत्र मेहुण्याच्या लेटरहेडवर असतं, हेही आम्हाला पाठ झालंय.

जर्मनीत बापाने पोटगी थकवली तर मुलाला सरकार आधी ठरावीक रक्कम देतं आणि बापाकडून वसूल करायला सरकारच मागे लागतं. 2017 पासून हे मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत चालतं. बापू, तुमच्या खिशाचा प्रश्नही त्यात येतो, निदान हक्काने कुणाकडे तरी मागता येतं. मला विचाराल तर नव्या पूरक रकमेपेक्षा आधी हे करावं.

एकटा बाबा

आणि जिथे वसूल करायला माणूसच उरलेला नाही तिथे?

काळा कोट

तिथे तुमची बाल संगोपनच. खरंय.

रोखठोक बापू

बापाकडून वसुली असेल तर मी सही करतो. त्याची बाइक जप्त करा, पहिली पावती माझ्याकडून.

नाशिकची मी

सगळ्यांचे आभार. वाढ घेतेय. पीएफचा मुद्दा पटला, आणि लेक दहावीला येईपर्यंत लाडकी बहीण योजना असेल की नाही कुणी सांगावं. ईएसआयचं मात्र टेन्शन आहेच, पंपाचा खर्च आता वहीत धरला पाहिजे.

बाल संगोपनसाठी घटस्फोटाची ऑर्डर आहे, लेकीचा जन्मदाखला आहे, आधार आहे. उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा आहे, तो चालेल का?

एकटा बाबा

नाही चालणार. साधारणपणे 31 मार्चपर्यंतच धरतात. नवा काढा, सेतूत सकाळी लवकर जा. बँकेचं खातं मुलीबरोबर जॉइंट उघडून ठेवा. शाळेचा बोनाफाइड पण मागतात, दोन प्रती घ्या.