गावांची नावं, डीएनए आणि खापरं: तिघांचं म्हणणं जुळलं नाही तर?

मावळवारा

नमस्कार मंडळी. पुण्यातला आमचा छोटा अभ्यासगट मुळशी आणि मावळ तालुक्यांतल्या गावांच्या नावांची यादी करतोय. खांबोली, पिंपळोली अशा -ओली/-वली शेवटाच्या नावांवरून जुन्या द्राविडी वस्त्यांचा माग काढता येईल, असा अंदाज आहे. गटातल्या पाच जणांकडे घरपोच किटचे डीएनए अहवालही आहेत. शेवट 'पल्ली'वरूनच (जुना द्राविडी शब्द, अर्थ वस्ती किंवा खेडं) आला असं धरून चालावं का? अहवालातले टक्के नकाशावर मांडता येतील का? आणि हे सगळं पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीच्या उत्खननाशी जोडता येईल का?

शब्दखोदू

धरून चालू नका, तपासून घ्या. तपासायला चांगली चाळणी आहे.

दोन स्वरांमध्ये एकटा आलेला जुना ल मराठीत ळ होतो, जोड ल्ल मात्र ल राहतो. फल – फळ, पण फुल्ल – फूल. काल – काळ, पण कल्य (प्राकृतात कल्ल) – काल, म्हणजे आजच्या आधीचा दिवस. आता हे गावनावांना लावा. मूळ शेवट 'पल्ली' असेल तर स्वरांमधला प व होतो आणि ल टिकतो: वली, पुढे ओली. मूळ शेवट 'आवली' म्हणजे रांग असेल तर ळ यायला हवा, जसं दीपावली – दिवाळी. तुमच्या पिंपळोलीत दोन्ही एकाच नावात बसलेत: 'पिप्पल'च्या एकट्या लचा ळ झालाय आणि शेवटचा ल मात्र ल राहिलाय. म्हणजे साक्ष पल्लीच्या बाजूची.

पण ही चाळणी घाटाखाली फसते. आगरी-कोळी बोलीत ळचाच ल होतो, त्यामुळे डोंबिवली-बोरिवलीच्या लवरून काहीच ठरत नाही. दुसरा घोळ लिखाणाचा. रोमन अक्षरांतल्या नकाशावरून उतरवलेल्या नावात ळ कधीच गळालेला असतो.

मोजताना नुसत्या '-ओली'वाल्या गावांची यादी करून उपयोग नाही. २०११च्या जनगणनेच्या गावयादीतून तालुक्यातली सगळी गावं घ्या, प्रमाण काढा आणि शिरूरसारखा पूर्वेकडचा एक तालुका तुलनेला ठेवा. प्रत्येक नावाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख शोधा, पण तोही डोळे झाकून घेऊ नका. राष्ट्रकूट काळातल्या ७५८च्या ताम्रपटात 'पुण्य' आहे आणि ७६८च्या ताम्रपटात 'पूनक'. अंतर दहा वर्षांचं! लेखनिकाला नाव संस्कृत करून लिहायचा मोह असायचाच.

आणि एवढं करून पल्ली सिद्ध झाली, तरी सिद्ध होतो तो फक्त शब्द, माणसं नव्हेत. 'पल्ली' संस्कृतातही वापरात आहे, त्यामुळे मराठी बोलणाऱ्यांनीच नवं गाव वसवून तयार शेवट लावला असेल. '-बाद' लागलेल्या प्रत्येक गावात फारसी बोलणारे राहायला आले होते असं कुणी म्हणत नाही.

गुणसूत्रे

पाच अहवालांचे टक्के नकाशावर ठेवू नका, अगदी एका टिंबाइतकेही. ते टक्के म्हणजे कंपनीकडच्या तुलनेच्या नमुन्यांशी असलेलं साम्य. कंपनी बदलली की नमुने बदलतात आणि टक्केही बदलतात, माणूस तोच राहतो.

कामाचा नमुना हवा असेल तर आजी-आजोबा चौघेही त्याच भागातले असलेली आणि एकमेकांच्या नात्यात नसलेली माणसं लागतात, आणि जातगट वेगवेगळे मोजावे लागतात. भारतात वेगवेगळ्या वंशगटांची मोठी सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाली आणि त्यानंतर जातीतल्या जातीत लग्नं घट्ट झाली. त्यामुळे एकाच गावातल्या दोन आळ्या जनुकांच्या हिशेबात दोन गावं असू शकतात.

बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावर फार भिस्त ठेवू नका. दहा पिढ्या मागे वंशवृक्षात १,०२४ जागा असतात आणि वाय त्यातल्या एकाचीच गोष्ट सांगतो. सरमिसळीचा काळ काढायला एकेका वंशगटाकडून आलेल्या डीएनएच्या तुकड्यांची लांबी बघतात, कारण दर पिढीला हे तुकडे आखूड होत जातात: ढोबळमानाने १०० भागिले पिढ्या, उत्तर सेंटिमॉर्गनमध्ये (डीएनएवरचं अंतर मोजायचं एकक). सरासरी तुकडा १ सेंटिमॉर्गनचा म्हणजे १०० पिढ्या, पिढी २९ वर्षांची धरली तर २,९०० वर्षं. सरमिसळ टप्प्याटप्प्याने झाली असेल तर हे गणित मधलीच कुठलीतरी तारीख देतं, आणि लोक तीच खरी घटना समजतात.

जुन्या हाडांची वाट तर आणखी बिकट. उष्ण आणि दमट हवेत डीएनए कुजतो. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या गावातल्या साठेक नमुन्यांतून एकाच बाईचा पुरेसा डीएनए मिळाला, तोही कानाजवळच्या दगडासारख्या टणक हाडातून. २०१९मध्ये ते प्रसिद्ध झालं, तिच्यात स्टेपचा, म्हणजे युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा, अंश नव्हता. मात्र एका बाईवरून अख्ख्या सिंधू संस्कृतीची भाषा सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. हाडात भाषा उरत नाही.

भाषा आणि जनुकं जुळत नाहीत याची उदाहरणं राज्यातच आहेत. गोंडी द्राविडी भाषा, पण गोंडांचं जनुकीय नातं इतर द्राविडी भाषकांपेक्षा मुंडा (द्राविडीहून वेगळं, मध्य-पूर्व भारतातलं भाषाकुळ) भाषकांशी जवळचं निघालं. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. मुंडा भाषकांत पुरुषांकडून आलेला वंश बराचसा आग्नेय आशियाकडचा दिसतो, आयांकडचा मात्र जवळजवळ सगळा इथलाच. म्हणजे भाषा बहुधा बापांबरोबर आली. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंतही पुरुषांकडून मध्यपूर्वेचा वाटा जास्त आणि स्त्रियांकडून भारतीय जास्त, पण तिथे टिकली ती इथली मराठी. त्यामुळे 'कोणावर विश्वास ठेवायचा' हा प्रश्नच चुकतो. प्रत्येक पुराव्याला वेगळा प्रश्न विचारायचा.

एक आडवा सल्ला: अहवालाची कच्ची फाइल फुकटच्या संकेतस्थळांवर चढवू नका. तिच्यात तुमच्या भावंडांचीही माहिती असते आणि एकदा गेलेली परत घेता येत नाही.

खापरखुंटी

इनामगावशी जोडणी नको. घोड नदीकाठची ती वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७००, म्हणजे खापरांच्या घडणीवरून ओळखल्या जाणाऱ्या माळवा ते उत्तर (उशिराच्या) जोर्वे संस्कृतीपर्यंतची. या भागातले वाचता येणारे सर्वांत जुने लेख नाणेघाटसारखे, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासचे. मधली शतकं मुकी आहेत. इनामगावात मोठ्यांना घोट्याखालचे पाय तोडून पुरत आणि लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत. ही माणसं काय बोलायची, ते खापरावरून कळत नाही. मडक्याची घडण शेजाऱ्याकडून शिकता येते, लग्न होऊन आलेल्या सुनेबरोबरही येते.

उत्खननाचे जुने अहवाल वाचताना कार्बन तारखा (कोळसा-हाडांतल्या कार्बनवरून काढलेलं वय) प्रत्यक्ष वर्षांशी जुळवून दुरुस्त केलेल्या आहेत की नाहीत ते आधी बघा. कच्ची आणि दुरुस्त तारीख शेजारी ठेवली की या काळात एक-दोन शतकांचा फरक सहज पडतो, आणि लोकांना तिथे 'स्थलांतर' दिसायला लागतं.

मावळवारा

आभार. डीएनए बाजूला ठेवतो, यादी पुन्हा करतो. गावच्या पाटीवर 'ली' आणि म्हातारी माणसं 'ळी' म्हणत असतील तर काय धरायचं?

शब्दखोदू

म्हाताऱ्यांचं. फक्त नाव तुम्ही आधी उच्चारू नका, नाहीतर समोरचा तुमचंच पाटीवरचं नाव परत ऐकवतो. 'पुढच्या गावाला कुठून जायचं?' असं विचारा आणि 'अमक्या गावावरनं जावा' हे त्याच्या तोंडून येऊ द्या. गावागणिक किमान तीन जण, वेगवेगळ्या आळ्यांतले, आणि आवाज मुद्रित करून ठेवा. ल आणि ळ कानाला एकदा चुकतो, पुन्हा ऐकल्यावर सापडतो.