काकांचा डनहिल पाइप : पांढरा ठिपका खरा की मागाहून बसवलेला? मदत हवी आहे

मंडळी, मी स्वतः ओढत नाही, त्यामुळे अज्ञान गृहीत धरा. काका बोटीवर इंजिनियर होते. ते गेल्यावर गिरगावातल्या खोलीची आवराआवर करताना ट्रंकेत तंबाखू ओढायचा एक पाइप मिळाला. तोंडात धरायच्या नळीवर पांढरा ठिपका, म्हणजे लंडनच्या डनहिल कंपनीचा, एवढं मलाही ठाऊक होतं. काकूंना तो विकायचा आहे. फोर्टातल्या एका दुकानदाराला दाखवला. त्याने ठिपक्यावर नख मारलं, "नकली आहे" म्हणाला आणि त्याच दमात पाचशे रुपये देऊ केले. नकली वस्तूचे पाचशे कशाला, हे काही मला कळलं नाही. पाइप खिशात टाकून घरी आलो.

तेव्हापासून वाचतोय. आल्फ्रेड डनहिलने लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं 1907 मध्ये. नळीची वरची बाजू कुठली ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून तो ठिपका आला, असं सांगतात. पण ठिपका काय, कोणीही भोक पाडून बसवेल! म्हणून मी लाकडावरचा शिक्का बघायला लागलो. दांडीच्या, म्हणजे वाटीपासून नळीपर्यंतच्या लाकडी भागाच्या, खालच्या बाजूला गोलात 4, शेजारी S, मग डनहिल, शेल ब्रायर, मेड इन इंग्लंड आणि शेवटच्या D ला लागून बारीक 13. गोलातला आकडा म्हणजे पाइपच्या मापाचा गट, S म्हणजे शेल, ब्रायर हे पाइपचं लाकूड आणि 13 म्हणजे 1973. काका त्या सुमारास लंडनच्या फेऱ्या करत होते, तेव्हा हे जुळतंय.

मग तुलनेसाठी, शुक्रवारी पहाटे चोरबाजारात जाऊन अठराशे रुपयांना दुसरा 'डनहिल' आणला. हसू नका. त्यावरही S आणि शेल ब्रायर आहे, पण लाकूड तांबूस आणि आरशासारखं गुळगुळीत! शेल म्हणजे वाळूचा मारा करून शिंपल्यासारखं खडबडीत केलेलं लाकूड, त्याचं पेटंट 1917 चं. ज्याने ठसा मारला त्याला आपण काय लिहितोय हेच माहीत नव्हतं. काकांचा पाइप मात्र सगळा खडबडीत आहे, फक्त शिक्क्यापुरती एक सपाट पट्टी सोडलेली.

अडलंय ते नळीपाशी. दांडी आणि नळी जुळते तिथे नखाचं टोक शिरेल एवढी फट आहे. ठिपका मधोमध नाही, किंचित डावीकडे आहे. आणि इतकी वर्षं ट्रंकेत पडूनही नळी काळीभोर. जुन्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, नळ्या हिरवट-तपकिरी पडतात ना? जाणकारांनी सांगावं, सगळाच पाइप नकली की फक्त नळी?

प्रतिसाद

फोटो नसताना छातीठोक सांगत नाही, पण लाकूड मला खरं वाटतंय. नळी गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने जोरात चोळा आणि लगेच वास घ्या. व्हल्कनाइट म्हणजे गंधक घातलेलं रबर, जुनं असेल तर फटाक्यासारखा वास येतो. अॅक्रिलिकला तसला वास नसतो. नळी बदललेली असणं ही काही लबाडी नव्हे, दातांनी चावून नळ्या जातातच. काहीही करा पण शिक्क्यावर पॉलिश घासू नका, अर्धे शिक्के त्यानेच गेलेत.

प्रतिसाद

खुणांचा घोळ उलटाही होतो. माझ्याकडे डब्लिनच्या पीटरसन कंपनीचा पाइप आहे, दांडीच्या कड्यावर शॅमरॉकचं पान, कुत्रा आणि मनोरा. मी चांदी समजून मिरवत होतो. त्या खुणा कंपनीच्याच आहेत, पण कडं निकेलचं. डब्लिनच्या खऱ्या चांदीवर बसलेली हिबर्निया (आयर्लंडचं प्रतीक असलेली स्त्री), मुकुटवाली वीणा आणि वर्षाचं अक्षर असतं. पाइप अस्सल, चांदी मात्र माझ्याच डोक्यात. ठिपक्यांवरही किती भिस्त ठेवायची? डनहिलमधून बाहेर पडलेल्या ससिएनीने 1919 मध्ये स्वतःचं पाइपचं काम सुरू केलं, त्याचे आकाशी चार ठिपके अगदी कायदेशीर.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. नळी चोळली, वास शून्य. हे काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अरे, ती नळी मोडली होती की! बाळच्या वेळेला मी माहेरी होते, तेव्हा ह्यांनी पाइपवर बसून दोन तुकडे केले. मग गल्लीतल्या लेथवाल्याकडून नवी करून आणली."

"आणि ठिपका?"

"ठिपक्याशिवाय ह्यांना चैन पडेना. माझी विणायची पांढरी सुई मोडली होती, तिचाच तुकडा कापून चिकटवला. लेथवाल्याने भोक तिरकं पाडलं म्हणून महिनाभर कुरकुरत होते."

भिंगातून पाहिलं. ठिपक्याच्या कडेला डिंकासारखी पिवळी रेघ आहे, आणि सुईचा दुसरा अर्धा तुकडा काकूंच्या शिवणाच्या डब्यात निघाला. जाडी तंतोतंत.

आता नवा प्रश्न. विकताना नीट लिहायचं आहे, फसवायचं नाही. लाकूड 1973 चं, नळी गिरगावातली, ठिपका विणकामाच्या सुईचा, असं लिहिलं तर कोणी घेईल का? की आधी कारखान्याच्या पद्धतीची नळी करून घेऊ? काकूंचं म्हणणं, नळी बदलायची नाही.